बारा चिपांऐवजी चार

शनिवार आहे, बाहेर कुठं जायचा बेत नाही, तेव्हा आज जरा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीयेत (थोड्या आहेत, पण परीक्षा नाही!). गोष्ट आहे एका कॅल्क्युलेटरची. आणि खरं सांगायचं तर ती आपल्या पगाराचीही गोष्ट आहे. हिंजवडीपासून खराडीपर्यंत जी मंडळी रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून हॉर्न वाजवतात, त्यांच्या नोकऱ्यांचं मूळ शोधत मागे मागे गेलं तर आपण १९६९ सालात पोचतो. आणि तिथं भेटते एक जपानी कंपनी, जिला कॉम्प्युटर नकोच होता.

कंपनीचं नाव बिझिकॉम. धंदा टेबलावरच्या कॅल्क्युलेटरचा. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरमध्ये बेरीज, गुणाकार, छपाई, कीबोर्ड वाचणं अशा प्रत्येक कामासाठी वेगळं सर्किट असायचं. मॉडेल बदललं की सर्किट बदललं. बिझिकॉमने ठरवलं की हे सगळं चिपांवर बसवायचं, आणि ऑर्डर घेऊन ते गेले कॅलिफोर्नियातल्या एका नव्या कंपनीकडे. इंटेल तेव्हा जेमतेम वर्षभराची होती आणि तिचा मुख्य उद्योग होता मेमरी चिप बनवणं. जून १९६९ मध्ये बिझिकॉमचे इंजिनिअर तिथं दाखल झाले. त्यांत एक होता मासातोशी शिमा. शिक्षणाने केमिस्ट! (आपल्याकडेही मेकॅनिकलवाले जावा लिहितातच की.)

जपान्यांचं डिझाइन बघून इंटेलवाल्यांच्या पोटात गोळा आला. जवळपास डझनभर वेगवेगळ्या चिपा, प्रत्येक गुंतागुंतीची, प्रत्येकीला भरपूर पाय. एवढ्या चिपा डिझाइन करायला इंटेलकडे माणसंच नव्हती. बरं, किंमतही बसत नव्हती. बिझिकॉमशी बोलणी करायचं काम टेड हॉफ नावाच्या इंजिनिअरकडे होतं. त्याच्या वापरात तेव्हा पीडीपी-८ हा छोटा कॉम्प्युटर होता. त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. पीडीपी-८ मध्ये सर्किट तसं थोडंच आहे, मग तो एवढी अवघड कामं कशी करतो? कारण अवघडपणा सर्किटमध्ये नाही, मेमरीत ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. मग कॅल्क्युलेटरही तसाच का नको? एक साधा, सर्वसाधारण प्रोसेसर बनवायचा आणि कॅल्क्युलेटरपण सगळं प्रोग्रॅममध्ये लिहायचं. (आणि प्रोग्रॅम ठेवायला मेमरी लागणार, जी इंटेल विकतच होती! धंद्याचं डोकंही होतंच.)

स्टॅन मेझर नावाचा दुसरा इंजिनिअर हॉफला येऊन मिळाला आणि दोघांनी आराखडा केला. बाराऐवजी चार चिपा. ४००१ म्हणजे प्रोग्रॅम ठेवायची कायमची मेमरी, ४००२ म्हणजे आकडे ठेवायची तात्पुरती मेमरी, ४००३ ही कीबोर्ड-प्रिंटर जोडायला मदत करणारी चिप, आणि ४००४ म्हणजे खुद्द प्रोसेसर. चार बिटांचाच का? कारण कॅल्क्युलेटरला एका वेळी एक अंक हाताळायचा असतो आणि ० ते ९ हे अंक चार बिटांत मावतात. संपलं कारण!

आता आपण सगळे ज्यातून गेलोय तो भाग. आराखडा झाला, करार झाला, आणि मग काही महिने कोणी कामाला हातच लावला नाही! एप्रिल १९७० मध्ये शिमा काम कुठवर आलं ते तपासायला जपानहून परत आला. तिथं तपासायला काहीच नव्हतं. आणि ज्याच्यावर काम सोपवलं होतं तो माणूस नोकरीवर रुजू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. त्याचं नाव फेडेरिको फॅजिन. इटलीचा, आणि आधी फेअरचाइल्ड कंपनीत चिप बनवायची सिलिकॉन गेट नावाची नवी पद्धत विकसित करून आलेला. शिमा भयंकर चिडला. क्लायंट समोर बसलाय, डेडलाइन उलटलीय आणि टीममध्ये माणूस एक. ओळखीचं वाटतंय ना?

पण शिमा तिथंच थांबला आणि पुढचे कित्येक महिने क्लायंटने व्हेंडरच्या बरोबरीने काम केलं. डिसेंबर १९७० च्या शेवटी ४००४ च्या पहिल्या वेफर आल्या. चालेचनात. फॅजिनने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बनवताना एक अख्खा थरच राहून गेला होता. पुन्हा बनवायला टाकल्या, पुन्हा वाट. जानेवारी १९७१ मध्ये दुसरी खेप आली आणि चिप चालली. २,३०० च्या आसपास ट्रान्झिस्टर, १६ पाय आणि ७४० किलोहर्ट्झचा वेग. फॅजिनने चिपच्या नक्षीत कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं कोरून ठेवली, चित्रकार सही करतो तशी. ती पुढे उपयोगी पडणार होती.

मध्यंतरी बिझिकॉमला पैशाची चणचण भासायला लागली. चिपांचे हक्क करारानुसार त्यांच्याकडे होते. त्यांनी भाव कमी करायला सांगितला. इंटेलने बदल्यात मागून घेतलं की कॅल्क्युलेटर सोडून बाकी कशासाठीही ही चिप आम्ही कोणालाही विकू, आणि त्यासाठी ६०,००० डॉलर परत केले. नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहिरात देऊन ४००४ बाजारात आली. बिझिकॉम १९७४ मध्ये बुडाली. हक्क विकताना त्यांना ती एका कॅल्क्युलेटरची चिप वाटत होती, हे आज वाचताना हळहळ वाटते.

श्रेयाचंही सांगून टाकतो. फॅजिन १९७४ मध्ये इंटेल सोडून गेला आणि त्याने झायलॉग ही स्पर्धक कंपनी काढली. त्यानंतर बरीच वर्षं इंटेलच्या इतिहासात हॉफचंच नाव ठळक असायचं, फॅजिनचं पुसट. पण सिलिकॉनवरची आद्याक्षरं कोण पुसणार? १९९७ मध्ये जपानच्या क्योटो पुरस्काराने हॉफ, फॅजिन, मेझर आणि शिमा अशा चौघांनाही एकत्र गौरवलं. "मायक्रोप्रोसेसरचा शोध कोणी लावला" याचं मला पटणारं उत्तर हेच. कल्पना एकाची, आराखडा दोघांचा, प्रत्यक्ष चिप तिसऱ्याची आणि गरज चौथ्याची. (अमेरिकन नौदलाच्या एफ-१४ विमानासाठीही त्याच सुमारास एक प्रोसेसर चिपसंच बनला होता. पण तो गुप्त. त्याबद्दल जगाला कळलं १९९८ मध्ये! त्यामुळे "पहिला कोण" हा वाद इतिहासकारांना आयुष्यभर पुरेल.)

असो. आता मूळ मुद्दा. यात नवीन काय झालं? चिप छोटी झाली हे खरं, पण तो अर्धाच भाग. दुसरा अर्धा समजून घ्यायला आपली एसटी बरी. पूर्वी कंडक्टरकडे तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि टकटक वाजणारा पंच असायचा. प्रत्येक किमतीचं वेगळं छापील तिकीट. भाडं वाढलं की जुन्याच तिकिटांचे दोन-तीन तुकडे जोडून हिशेब जुळवायचा. नंतर हातात मशिन आलं. आता भाडं वाढलं तर मशिनमधला तक्ता बदलायचा, मशिन तेच. भाड्याची माहिती छापखान्यातून निघून मेमरीत गेली. ४००४ ने हेच केलं. यंत्राने काय करायचं हे तारांमध्ये ठरायचं, ते प्रोग्रॅममध्ये ठरायला लागलं. काम नाहीसं झालं नाही बरं का. नुसतं एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं बिल येणार आहे.

पुढची चिपही अशीच गिऱ्हाइकाच्या नकारातून आली. टेक्सासमधल्या एका टर्मिनल बनवणाऱ्या कंपनीने प्रोसेसरचा आराखडा दिला, इंटेलने चिप बनवली, तोवर गिऱ्हाइकाला ती नकोशी झाली. इंटेलने तीच १९७२ मध्ये ८००८ म्हणून बाजारात आणली. तिच्यातून १९७४ ची ८०८०, आणि ८०८० वर चालणारा १९७५ चा आल्टेअर, म्हणजे घरी जुळवायचा कॉम्प्युटर. ८०८० ची किंमत सुरुवातीला ३६० डॉलर होती. १९७५ मध्येच चक पेडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीतून ६५०२ ही चिप आणली, २५ डॉलरला! लोकांना आधी फसवणूकच वाटली. पण चिप खरी होती. ॲपल-२ मध्ये ती होती आणि निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेममध्ये तिचाच गाभा होता. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून, पिवळ्या कॅसेट फुंकर मारून मारून लावत आपल्याकडची पोरं जो मारिओ खेळली, त्या नकली गेमच्या पोटातही हाच गाभा. म्हणजे एकाच डोक्याने कुणी हिशेबाचे तक्ते केले, कुणी कासवांवर उड्या मारल्या. फरक फक्त प्रोग्रॅमचा.

इंजिनिअरिंग केलेल्यांना ८०८५ चं किट आठवत असेलच. हिरवा बोर्ड, मोजकी बटणं, लाल आकड्यांचा डिस्प्ले. ३ई, ०५, सी६, ०३, ७६ असं एकेक बटण दाबत भरायचं. म्हणजे "पाच घे, त्यात तीन मिळव, थांब". एवढ्या खटाटोपानंतर रजिस्टर उघडून बघायचं, तर ०८. वर्गात सगळे हसायचे, की पाच अधिक तीनला एवढं? मला मात्र त्या किटइतकं प्रामाणिक यंत्र दुसरं वाटत नाही. आपण काय सांगितलं आणि त्याने काय केलं, यांच्यामध्ये तिथं कोणीही नसतं. ना ऑपरेटिंग सिस्टीम, ना ब्राउझर, ना "माझ्या मशिनवर तर चालतंय" म्हणणारा सहकारी.

पण कॉम्प्युटर हे मायक्रोप्रोसेसरचं फक्त दर्शनी दुकान. त्याचा खरा संसार दिसत नाही अशा जागी आहे. गाडीचंच घ्या. १९७० मध्ये अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा झाला. धूर स्वच्छ करणारं तीन-मार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या वाटेवर बसवता येतं, पण ते नीट चालतं तेव्हाच, जेव्हा एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळलं जातं. चढ असो, थंडी असो, सिग्नल असो. कार्ब्युरेटर म्हणजे एक छिद्र आणि एक स्क्रू. त्याला हे कसं जमणार? मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला, आणि त्याचं ऐकून मिश्रण क्षणाक्षणाला बदलणारा मायक्रोप्रोसेसर. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या पेट्रोल कारमध्ये तो बसवला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि साध्या मोटरसायकलींमधूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. गल्लीतला मेकॅनिक पूर्वी इंजिनचा आवाज कानाने ऐकून स्क्रू अर्धा आटा फिरवायचा. आता तो आधी स्कॅनर जोडतो. त्याच्या कानातलं ज्ञानही प्रोग्रॅममध्ये गेलं. धूर कमी झाला हे उत्तमच, पण त्याच्या हातातला स्क्रू गेला हेही खरं.

याच्या बरोबर उलट टोकाची गोष्ट गॅलिलिओ यानाची. गुरू ग्रहाकडे निघालेलं हे यान १९८९ मध्ये सुटलं. त्यात आरसीएची १८०२ ही चिप होती. वीज अगदी कमी खाणारी, अंतराळातल्या किरणोत्साराला तोंड देईल अशी बनवलेली. (व्हॉयेजर यानांतही १८०२ होती असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. ते चूक आहे. १९७७ च्या त्या यानांत मायक्रोप्रोसेसर नव्हताच, त्यांचे कॉम्प्युटर सुट्या चिपांतून जोडलेले होते.) एप्रिल १९९१ मध्ये गॅलिलिओची मोठी अँटेना उघडायची आज्ञा गेली. ती छत्रीसारखी होती, आणि पावसाळ्यात आपली जुनी छत्री अडकते तशीच अडकली. काही काड्या सुटल्याच नाहीत. सेकंदाला १,३४,००० बिट पाठवायचा बेत होता. उरली छोटी अँटेना, आणि तिच्यावरून गुरूजवळून सेकंदाला जेमतेम दहा-वीस बिट येतील असा हिशेब निघाला. एवढ्यात एक फोटो यायला किती दिवस लागले असते ते तुम्हीच काढा.

यान कोट्यवधी किलोमीटर लांब. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोण जाणार? पण प्रोग्रॅमला रस्ता लागत नाही. पृथ्वीवर बसून लोकांनी यानाचं सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं. आधी माहिती टेपवर साठवायची, मग तिथंच दाबून छोटी करायची आणि सावकाश पाठवायची. इकडे पृथ्वीवर अनेक अँटेना एकत्र जोडून कान टवकारायचे. वेग वाढून जास्तीत जास्त १६० बिटांपर्यंत गेला, आणि दाबलेल्या माहितीमुळे त्या १६० मध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मावायला लागलं. मोहिमेची साधारण ७० टक्के शास्त्रीय उद्दिष्टं पूर्ण झाली. गॅलिलिओचं वर्तन तारांमध्ये बांधलेलं असतं, तर ते यान १९९१ मध्येच जवळपास मुकं झालं असतं.

तिसरी गोष्ट तर आपल्या गणेशखिंडीतली! ऐंशीच्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. अमेरिकेने हवामानासाठी एक क्रे दिला, तोही कडक अटी घालून, आणि बाकी ठिकाणी नकारघंटा. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, विजय भटकर प्रमुख. क्रेसारखा खास बनावटीचा, अतिवेगवान प्रोसेसर बनवणं तेव्हा आपल्या आवाक्यात नव्हतं. पण बाजारात मिळणारे अनेक मायक्रोप्रोसेसर एकत्र जुंपता येत होते. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर नावाचा प्रोसेसर त्यासाठीच जन्मला होता. त्याला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे चिपवरच दिलेले असत. अशा ट्रान्सप्युटरांना जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. एका पैलवानाच्या जागी कामकरी मुंग्यांची रांग! पण मुंग्यांना रांगेत लावणं हेच खरं काम. एक गणित चौसष्ट जणांत कसं वाटायचं, कोणी कोणाची वाट किती वेळ पाहायची, हे सगळं सॉफ्टवेअर. जे लोखंडात मिळत नव्हतं ते आपण प्रोग्रॅममध्ये कमावलं. पुण्याला आयटीचं शहर म्हणतात तेव्हा मला मॉल आणि काचेच्या इमारतींआधी हे आठवतं.

आता ते बिल.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं नवंकोरं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. पोटात चार वैज्ञानिक उपग्रह. चाळीस सेकंदांच्या आत ते वाट सोडून वळलं, फुटायला लागलं आणि त्याने स्वतःला उडवून दिलं. कारण काय? दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ मधून तसंच उचललं होतं. त्यात एका ठिकाणी ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जायची. १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. एरियान-४ वर तो कधी मोठा व्हायचाच नाही, कारण ते रॉकेट आडव्या दिशेने एवढा वेग इतक्या लवकर घ्यायचंच नाही. एरियान-५ घ्यायचं. आकडा मावला नाही, प्रोग्रॅमने हात वर केले. सुरक्षेसाठी दुसरी जोड यंत्रणा ठेवली होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर! ती तर काही मिलिसेकंद आधीच झोपली होती. त्यातून निघालेला तपासणीचा संदेश मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाचे आकडे समजून वाचला आणि रॉकेट वळवलं. वर मीठ चोळायला, ज्या हिशेबात हे घडलं त्याची उड्डाणानंतर एरियान-५ ला गरजच नव्हती.

प्रोसेसरने काहीच चूक केली नव्हती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने सांगितलं तेवढंच केलं, अगदी ८०८५ च्या किटसारखं प्रामाणिकपणे. तुटलेली तार दिसते, जळालेला वास येतो. पण "हा आकडा इतका मोठा होणार नाही" हे गृहीतक कुठं दिसतं? ते कोणाच्या तरी डोक्यात होतं, कोडमध्ये १६ हा आकडा होऊन बसलं, आणि डोकं दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलं.

१९६९ मध्ये हॉफने अवघडपणा चिपेतून उचलून प्रोग्रॅममध्ये ठेवला. २,३०० ट्रान्झिस्टरपासून आपण १,६०० कोटींपर्यंत आलो (२०२० च्या ॲपल एम-१ मध्ये तेवढे आहेत), तरी तो सौदा तोच आहे. लवचीकपणा हवा तर जबाबदारी लिहिणाऱ्याची. गॅलिलिओ वाचलं ते याच सौद्यामुळे आणि एरियान पडलं तेही याच सौद्यामुळे. एक घ्यायचं आणि दुसरं नको म्हणायचं, अशी सोय नाही. बारा चिपांमधल्या आठ वाचल्या असं आपण म्हणतो खरं, पण त्या आठ चिपांचं काम गेली पन्नास वर्षं कोणीतरी कीबोर्डवर बडवतंय. ते कोणीतरी म्हणजे आपण.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. कुठला तरी जुना, "चालतोय ना, हात लावू नकोस" या सदरातला कोड उघडा. त्यात मर्यादेचा एखादा आकडा असेल, शंभर, दोनशे छप्पन्न, काहीही. तो का आहे ते शोधा आणि सापडलं तर शेजारी एका ओळीत लिहून ठेवा. मॅनेजरला दिसणार नाही, अप्रेझलमध्ये येणार नाही. पण पुढच्या रॉकेटवर कोणाला तरी ती ओळ लागेल.

चला, चहा गार झाला.